खिडकी उघडली, पुढे?

महाराष्ट्रात कम्प्युटरचा कोर्स केलेल्या माणसाने आयुष्यात एकदा तरी ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ लिहिलेली असते. बीसीए, बीसीएस, एमसीए, काहीही असो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटला की निम्म्या वर्गाची ग्रंथालयं आणि उरलेल्यांची हॉस्पिटलं. रेग्झिनचं बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरं, आत डेटा फ्लो डायग्रॅम, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुरता चालणारा प्रोग्रॅम. आमच्या आधीच्यांनी तो व्हीबी सिक्स आणि ॲक्सेसमध्ये केला, आम्ही पीएचपीत. व्हायवा संपला की ग्रंथालय बंद.

तोच विषय खराखुरा होऊन समोर उभा राहील असं काही वाटलं नव्हतं. मी पुण्यात वेबसाइटींचं काम करते. गावी गेले की वाचनालयात चक्कर असतेच. तिथे ग्रंथपाल काकू म्हणाल्या, “अगं, तू कम्प्युटरमध्येच आहेस ना? मग आमची देवघेव कम्प्युटरवर घेऊन दे की. रजिस्टरं लिहून हात दुखतात आता.” मी हो म्हटलं. सभासद, दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणी, अनामत. चार-पाच टेबलं आणि त्यावर दोन-चार फॉर्म. रोज पोटासाठी याहून अवघड करत होते.

तयार सॉफ्टवेअर नाही असं नव्हे. एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने १९९९ मध्ये सुरू केलेलं आणि सगळ्यांना फुकट दिलेलं कोहा आहे. काकूंनी दोन्हींबद्दल नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “नेट लागतं का त्याला?” वाचनालयातलं नेट म्हणजे काकूंच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. काकू जेवायला घरी गेल्या की नेटही घरी. मागे सहायक दादा एकटे. म्हणजे जे काही असेल ते त्या एका मशीनमध्येच राहायला हवं. आणि ते मशीन कुणीतरी देणगी म्हणून दिलेलं, विंडोज सेव्हनचं, दोन जीबी रॅमचं. डेस्कटॉपवर आयकॉन, त्यावर डबल क्लिक, की उघडलं पाहिजे. बाकी काही नको.

गोंधळ खिडकी उघडायच्या आधीच सुरू झाला. वेबमध्ये फ्रेमवर्कवरून कितीही भांडणं होवोत, तळाशी एचटीएमएल एकच असतं. इथे तळच सापडेना. विंडोजवर खिडकी कशी काढावी हे शोधायला गेलं तर मायक्रोसॉफ्टच्या घरातच मोठी वंशावळ: मुळाशी विन३२, मग २००२ चं विनफॉर्म्स, २००६ चं डब्ल्यूपीएफ, विंडोज टेनबरोबर आलेलं यूडब्ल्यूपी, पुढे विनयूआय थ्री, आणि २०२२ चं माउई. प्रत्येकाच्या बारशाला ‘आता हेच पुढचं’ असं सांगितलेलं, आणि जुनं एकही धड गेलेलं नाही. यात मला सगळ्यांत मजा वाटली ती व्हीबी सिक्सची. १९९८ ची ती भाषा. तिच्यात लिहिण्याचं साधन २००८ मध्ये वाऱ्यावर सोडलं गेलं, पण तिच्यात आधीच लिहिलेले प्रोग्रॅम विंडोज टेनवरही चालतात. म्हणजे आमच्या सीनियर मुलांची ग्रंथालयं अजून उघडू शकतील. माझं उघडणार नाही, कारण त्याला सर्व्हर लागतो आणि तो सर्व्हर कॉलेजच्या लॅबबरोबर भंगारात गेला.

ऑफिसात सगळ्यांचं एकच म्हणणं: “इलेक्ट्रॉन घे. जावास्क्रिप्ट येतंय ना तुला?” खरं आहे, व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवरच उभं आहे आणि आम्ही दिवसभर त्यातच असतो. पण इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात आख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. दोन जीबीत तो मावला असता तरी उपयोग नव्हता, कारण २०२३ मध्ये आलेल्या तेविसाव्या आवृत्तीपासून इलेक्ट्रॉनने विंडोज सेव्हनला रामराम केला आहे.

उरलं क्यूट. नॉर्वेतल्या दोघांनी, हावार्ड नोर्ड आणि आयरिक शांबे-एंग यांनी, ते बनवायला घेतलं आणि १९९५ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे ठेवलं. लिनक्सवरचा केडीई त्यावर चालतो, व्हीएलसीमध्ये सिनेमा बघताना जी बटणं दाबतो तीही त्याचीच. पायथॉनमधून वापरता येतं, हे माझ्यासाठी महत्त्वाचं. पण इथेही सेव्हन आडवं आलं. क्यूट सिक्सला विंडोज टेन लागतं, म्हणून ५.१५ वर थांबायचं, पायथॉन ३.९ सेव्हनवर चालत नाही, म्हणून ३.८. शिकायला बसतानाच हातात जुनी हत्यारं, आणि शिकवणारे सगळे नव्याबद्दल बोलणारे. त्यांच्याकडे ‘ॲप डॉट एक्झेक’. माझ्याकडे एक्झेकच्या शेपटीला अंडरस्कोर लावायचा, कारण पायथॉन टूमध्ये एक्झेक हा राखीव शब्द होता. मी पायथॉन थ्रीत लिहीत होते. टूचं सुतक मात्र त्या अंडरस्कोरला अजून फिटलं नव्हतं.

पहिला प्रोग्रॅम पाच ओळींचा. ॲप्लिकेशन बनवा, खिडकी बनवा, तिला ‘शो’ म्हणा, ॲपला ‘एक्झेक’ म्हणा. खिडकी उघडली. आता पुढची पायरी म्हणून त्याखाली ओळ लिहिली: सभासदांची यादी वाच आणि छाप. यादी येईना. एररही नाही. खिडकी छान उघडी, प्रोग्रॅम चालू, आणि माझी ओळ जणू मी लिहिलेलीच नाही. वैतागून खिडकी बंद केली आणि त्याच क्षणी टर्मिनलवर यादी धडाधड छापून आली.

हे कळायला मला वेळ लागला, आणि कळल्यावरही पटायला आणखी लागला. वेबमध्ये सगळं माझ्या हातात असतं. विनंती येते, माझा कोड वरून खाली धावतो, पान तयार होऊन जातं, सर्व्हर ते विसरून मोकळा. इथे ‘एक्झेक’ ही ओळ संपतच नाही. प्रोग्रॅम तिथे जाऊन बसतो आणि माणसाच्या हाताकडे बघत राहतो. माझा बाकीचा कोड म्हणजे नुसती आश्वासनं: हे बटण कुणी दाबलं तर असं करीन, त्या चौकटीत कुणी लिहिलं तर तसं करीन. कुणी काही केलंच नाही तर मी लिहिलेल्यातलं जवळजवळ काहीच घडणार नाही.

मुळात हे कसं चालतं ते बघावं म्हणून चार्ल्स पेट्झोल्डचं ‘प्रोग्रॅमिंग विंडोज’ काढलं. विंडोजवर लिहिणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या १९८८ पासून त्या पुस्तकावर पोसल्या गेल्या. त्यात साध्या रिकाम्या खिडकीसाठी पानभर सी भाषा, आणि त्या पानाच्या मध्यभागी एक छोटंसं चक्र: गेटमेसेज, ट्रान्सलेटमेसेज, डिस्पॅचमेसेज. माउस हलला, की दाबली गेली, टायमर वाजला, वरची दुसरी खिडकी बाजूला झाली, की त्याचा एक निरोप रांगेत येऊन पडतो. चक्र तो उचलतं आणि ज्या खिडकीचा असेल तिला देतं. १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून हे असंच. क्यूटचं एक्झेक म्हणजे हेच चक्र, जरा चांगल्या कपड्यांतलं.

मग एकेक समजुती पडायला लागल्या. मला वाटायचं, खिडकीत जे दिसतं ते मी रंगवते. तसं नाही, ‘आता स्वतःला रंगव’ असा निरोप येतो तेव्हा खिडकी स्वतःला रंगवते, आणि तो कधी येईल हे मी ठरवत नाही. मला वाटायचं, कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं की खिडकी बंद होते. फुली फक्त विचारते. जतन न केलेली पावती असेल तर प्रोग्रॅम सरळ ‘नाही’ म्हणू शकतो आणि खिडकी तशीच उभी राहते. इतकी वर्षं कम्प्युटर वापरून फुलीचा हा मवाळ स्वभाव मला माहीत नव्हता.

पायथॉनने यात स्वतःची भर घातली. ‘नवा सभासद’ बटण दाबलं की दुसरी खिडकी उघडायची होती. ती उघडायची आणि पापणी लवायच्या आत गायब. कारण असं की ती खिडकी मी एका फंक्शनच्या आत बनवली होती; फंक्शन संपलं, तिच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलं नाही, आणि पायथॉनने ती कचरा समजून उचलली. खिडकीला आई-वडील द्यावे लागतात. क्यूटमध्ये खरोखर त्याला ‘पेरेंट’ म्हणतात. पेरेंट दिला की टिकते.

टेबलाची कथा आणखी उलटी. मला पुस्तकांची यादी दाखवायची होती, म्हणून ओळी कशा भरायच्या ते शोधत होते. क्यूट म्हणतं, भरू नकोस. तू एक मॉडेल लिही. टेबल त्याला विचारेल. आणि ते विचारतच सुटतं. ओळी किती? रकाने किती? तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या रकान्यात काय? त्याचा रंग कोणता? डावीकडे टेकवू की उजवीकडे? माउस वर आला तर काय सांगू? यादी सरकवली की पुन्हा तेच प्रश्न. सुरुवातीला मला हा शुद्ध छळ वाटला. पण पुस्तकं हजारांनी असताना टेबल फक्त डोळ्यांसमोरच्या ओळींपुरतंच विचारतं आणि म्हणून जुन्या मशीनवरही झरझर सरकतं, हे बघितल्यावर तोंड बंद झालं. ही विभागणी सुचली त्रिग्वे रीन्सकाउग यांना, १९७९ मध्ये, झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून गेले असताना. तेही नॉर्वेचेच. वेबमध्ये आम्ही एमव्हीसी एमव्हीसी म्हणून जे घोकलं होतं ते मूळचं या खिडक्यांसाठी होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता गोठण्याविषयी. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांची यादी कुणीतरी केव्हातरी एक्सेलमध्ये टंकून ठेवली होती, पण युनिकोड येण्याआधीच्या जुन्या फाँटात. फाँट आहे तोवर मराठी. फाँट बदलला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. त्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलट. ते सगळं जागच्या जागी बसवणारं भाषांतरयंत्र लिहिलं. त्यात माझा जीव रमला, कारण ते वरून खाली धावणारं, ओळखीचं काम होतं. मग ‘जुनी यादी आत घ्या’ असं बटण केलं, प्रत्येक पुस्तकानंतर कमिट केलं, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी तिथपर्यंतचं शाबूत राहील. माझ्या लॅपटॉपवर बटण दाबलं, चहा ओतेपर्यंत झालं.

वाचनालयात दादांनी तेच बटण दाबलं. खिडकी पांढुरकी झाली. वर कंसात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. दादा माझ्याकडे बघतात, मी स्क्रीनकडे. मी म्हटलं, काम चालू आहे, थांबा. दादा म्हणाले, “चालू असतं तर बोललं असतं ना!”

दादांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. त्या जुन्या हार्ड डिस्कवर प्रत्येक कमिटला वेळ लागत होता, कारण अक्षरं खरोखर तबकडीवर उतरल्याशिवाय डेटाबेस पुढे सरकत नाही. माझ्या लॅपटॉपमधल्या एसएसडीने हे जाणवू दिलं नव्हतं. आणि माझं बटण काम करत होतं तोवर ते चक्र थांबलेलं. आमच्या देवघेवीच्या काउंटरवर एकच माणूस असतो; तो एखादं पुस्तक शोधायला स्वतःच आत कपाटांमध्ये गेला की बाहेरचे सगळे ताटकळतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाचनालय बंद आहे असंच वाटतं. चक्राचं तेच. रंगवायचे निरोप, माउसचे निरोप, सगळे रांगेत पडून. एखाद्या खिडकीने ५ सेकंद निरोपच उचलले नाहीत तर विंडोज ती गोठली असं मानतं, तिच्या जागी तिचं फिकट चित्र लावतं आणि वर ती पाटी चढवतं. म्हणजे दादा ज्या खिडकीवर चिडून क्लिक करत होते ती माझी खिडकी नव्हतीच.

उपाय सगळीकडे लिहिलेला असतो: जड काम दुसऱ्या थ्रेडवर न्या. नेलं. खिडकी आता हलत होती, बोलत होती, आणि थोड्या वेळाने काहीही न सांगता अख्खा प्रोग्रॅम नाहीसा होत होता. कधी शंभराव्या पुस्तकाला, कधी हजाराव्या. वेबमध्ये निदान पाचशे नंबरची एरर तरी येते. इथे डेस्कटॉपवरचा डोंगराचा फोटो. माझा दुसरा थ्रेड काम करता करता ‘इतकी पुस्तकं झाली’ असं खिडकीतल्या पट्टीवर स्वतःच लिहीत होता, आणि खिडकीला हात लावायचा अधिकार फक्त मुख्य थ्रेडला असतो. हा नियम क्यूटचाच नाही. जावाच्या स्विंगमध्ये तो आहे, विनफॉर्म्समध्ये आहे, अँड्रॉइडवरही आहे. दुसऱ्या थ्रेडने फक्त सिग्नल पाठवायचा. तोही एक निरोप होऊन त्याच रांगेत पडतो आणि मुख्य थ्रेड आपल्या सवडीने पट्टी पुढे सरकवतो. माझ्या मते डेस्कटॉप शिकवणाऱ्या प्रत्येकाने बटणं आणि मेन्यू बाजूला ठेवून पहिल्या दिवशी हीच रांग दाखवावी. शिकवण्या मात्र सगळ्या कॅल्क्युलेटरपासून सुरू होतात, आणि कॅल्क्युलेटर कधीच गोठत नाही.

मग बारकोड स्कॅनर आला. कुणा सभासदाने दुकान बंद केलं, त्यातला आणून दिला. मला धास्ती होती की त्याच्यासाठी वेगळं काही शिकावं लागणार. काहीच लागलं नाही, कारण स्कॅनर हा कीबोर्डच असतो. तो आकडे टंकतो आणि शेवटी एंटर मारतो. हा एंटर घातकी निघाला. पुस्तक देण्याचा फॉर्म उघडायचा, पहिलं पुस्तक स्कॅन करायचं, फॉर्म बंद! क्यूटच्या डायलॉगमध्ये कुठेही एंटर दाबला की त्यातलं एक बटण आपोआप दाबलं जातं. कोणतं ते सांगितलं नसेल तर ते स्वतः निवडतं. इथे त्याने ‘रद्द’ निवडलं होतं. त्या सोयीचं नाव ऑटोडिफॉल्ट. ती एकेका बटणावरून उतरवली तेव्हा फॉर्म जागेवर राहिला.

दादांना माउस आवडत नाही. ते आधी एका अडत्याकडे टॅलीवर बसायचे. तिथे एफ पाच म्हणजे पेमेंट, एफ सहा म्हणजे पावती, आणि बोटांना ते पाठ. मी मराठी बटणांवर एकेका अक्षराखाली रेघ देऊन ऑल्टचे शॉर्टकट केले होते. ते दिसायला छान दिसत होते, पण कीबोर्ड इंग्रजीवर असला की ऑल्टबरोबर ‘ज’ दाबणार कुठून? शेवटी सगळं एफच्या ओळीत नेलं. पावती एफ सहावर. दादांनी सूचना न वाचता दाबलं आणि पावती निघाली. ‘डेस्कटॉप संपलं’ असं मी कॉलेजपासून ऐकत आले आहे. ऐकवणारे सगळे वेबवाले. अडत्याच्या गाळ्यात, मेडिकलच्या काउंटरवर, पतसंस्थेत ही वार्ता अजून पोचलेली नाही.

काकूंशी माझी खरी वादावादी झाली ती ‘काढून टाका’ या बटणावरून. मी ते प्रत्येक फॉर्मवर दिलं होतं, वेबमध्ये देतो तसं. काकू म्हणाल्या, “दाखल क्रमांक कधी खोडायचा नसतो. पुस्तक हरवलं, फाटलं, रद्दीत गेलं, तरी नंबर त्याचाच. तपासणीला आले की पहिलं रजिस्टर तेच मागतात.” १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान असलेल्या वाचनालयाचा सगळा कारभार त्या नोंदवहीवर उभा असतो. बटण गेलं, त्या जागी ‘बाद’ हा शेरा आला. परीक्षकांनी या बटणाबद्दल मला पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

पुस्तकं अकारविल्हे लावण्यातही काकूंनीच गाठलं. कम्प्युटर युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे लावतो, त्यामुळे ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, काकूंच्या हिशेबी तो ‘ह’च्या पुढचा. ‘ॲ’ने सुरू होणारी नावं तर यादीच्या तळाला, ‘ह’च्याही खाली, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं आणि त्याला जागा मिळाली ती मराठी आकड्यांच्याही पलीकडे. क्रमाचा तक्ता मीच लिहिला. पण शोध लागेना त्याचं काय? ‘दुसऱ्या’ हा शब्द काकू मोबाइलवर सवय झालेल्या पद्धतीने टंकतात, दादा इनस्क्रिप्टने. कुठे नुक्त्याचा ‘ऱ’, कुठे साधा ‘र’ आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना अक्षर न् अक्षर सारखं, कम्प्युटरला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच, कुणी एक अक्षर म्हणून देतं, कुणी ‘अ’वर चंद्र ठेवून. आता आत येणारं प्रत्येक नाव आधी एका चाळणीतून जातं आणि एकाच साच्याचं होतं. त्या फंक्शनचं नाव मी ‘काकू’ ठेवलं आहे. त्यांना सांगितलेलं नाही.

हे सगळं माझ्या मशीनवरून त्यांच्या मशीनवर नेणं हा वेगळाच प्रांत. वेबमध्ये मी सर्व्हरवर नवा कोड टाकते आणि सगळं जग त्या क्षणी नवं होतं. इथे पायइन्स्टॉलर नावाचं साधन पायथॉन, क्यूट आणि माझा कोड एकत्र बांधून एक्सई करून देतं. एकच फाइल असावी म्हणून तसा पर्याय घेतला, तर ती फाइल दर वेळी सुरू होताना स्वतःला एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते. त्या डिस्कवर यात चांगला वेळ जायचा. तेवढ्यात दादा पुन्हा डबल क्लिक, पुन्हा डबल क्लिक. मग एकदम तीन ग्रंथालयं उघडायची. शेवटी फाइलींचं अख्खं फोल्डर द्यायचं ठरवलं, आणि एक प्रत चालू असेल तर दुसरीने सुरूच होऊ नये असं कुलूप घातलं. त्यात तिथल्या अँटिव्हायरसने माझी एक्सई व्हायरस म्हणून जप्त केली. पायइन्स्टॉलरने बांधलेल्या फाइलींवर असा संशय नेहमीच घेतला जातो, म्हणे. कार्यवाहांच्या नव्या लॅपटॉपवर तर विंडोजने निळी पाटीच लावली: अनोळखी प्रकाशक. ओळख पटवायची तर कोड साइनिंगचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं, आणि जून २०२३ पासून त्याची किल्ली एका वेगळ्या हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. एका वाचनालयासाठी? कार्यवाह म्हणाले, “प्रकाशक अनोळखी कसा? आपलीच मुलगी आहे.”

डेटाची फाइल प्रोग्रॅमशेजारीच ठेवावी असं वाटत होतं, पण प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. ती ॲपडेटाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. फाइल एसक्यूलाइटची. रिचर्ड हिप यांनी ते २००० मध्ये लिहिलं. त्याआधी अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या प्रोग्रॅमवर काम करताना डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचाही प्रोग्रॅम अडायचा, आणि शिव्या त्यांना खाव्या लागायच्या. म्हणून सर्व्हरच नको. युद्धनौकेच्या त्या वैतागातून निघालेली गोष्ट आमच्या गावच्या लोडशेडिंगला लागू पडली. ऐन देवघेवीत लाइट गेली, परत आली, प्रोग्रॅम उघडला. शेवटचं पुस्तक नोंदलेलं होतं.

एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये एक आकडा आपल्याला हवा तसा वापरायला मोकळा ठेवलेला असतो, यूजर व्हर्जन. प्रोग्रॅम सुरू होताना तो वाचतो आणि डेटा जुन्या आवृत्तीचा असेल तर पायरी पायरीने नवा करतो. वाचनालयात सध्या तीन आहे. चौथी आवृत्ती करावी लागणार असं दिसत होतं, कारण काकूंचा फोन आला: बालविभागाच्या पुस्तकांना वेगळे दाखल क्रमांक हवेत, पुढे ‘बा’ लावून. माझ्याकडे दाखल क्रमांक हा निव्वळ आकडा, त्यावर सगळी टेबलं बांधलेली. शिवाय आमच्या बारकोडात देवनागरी बसत नाही. हे मी त्यांना सविस्तर समजावून सांगितलं.

काकू म्हणाल्या, “मग बालविभाग पन्नास हजारांपासून सुरू करू. तेवढी पुस्तकं आपली होत नाहीत कधी.”

रात्री कोड उघडून पाहिला. बारकोडाच्या चौकटीला मी पाच अंकांची मर्यादा घातली आहे. पन्नास हजार बसतात.